बाबांची जुनी सुतारकामाची हत्यारं पार्सलने पाठवायचीत, पॅकिंग कसं करू?

सुताराची_लेक

नमस्कार सगळ्यांना. बाबा सुतारकाम करायचे, त्यांची हत्यारं कित्येक वर्षं माझ्याकडे एका लाकडी पेटीत पडून आहेत. आता धाकटा भाऊ सुट्टीच्या दिवशी लाकडाचं काम करायला लागलाय, म्हणून ती त्याला पाठवायचं ठरवलंय. तो खूप लांब असतो, स्वतः नेऊन देणं सध्या जमणार नाही, म्हणजे पार्सल हाच मार्ग.

काय काय आहे ते सांगते. ४ नंबरचा लोखंडी रंधा, दोन लाकडी रंधे (त्यातला एक चांगला लांब, ५५ सेंटिमीटर), सहा पटाश्या, दोन हातकरवती, पाठीला पितळी पट्टी असलेली एक छोटी करवत, गिरमिट आणि त्याचे सात बिट, चार कानशी, वाकस (लाकूड तासायचं हत्यार), गुण्या (काटकोन बघायचा), लाकडी पाणसळ (पातळी बघायची) आणि धार लावायचा दगड. सगळं मिळून वजन १४ किलो भरलं.

काल मी टीव्हीच्या मोठ्या खोक्यात भरायला घेतलं. प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळली, वरून बबल रॅपचा एक फेरा, उरलेल्या जागेत कागदाचे बोळे कोंबले आणि टेप मारली. खोका उचलून उभा केला तर आतलं सगळं धाडकन एका बाजूला गेलं आणि एका पटाशीचं टोक पुठ्ठा फाडून बोटभर बाहेर आलं, माझ्या मांडीच्या अगदी जवळ. लगेच खोका खाली ठेवला आणि सगळं परत सोडलं. माझं सोडा, पण हे असंच गेलं असतं तर वाटेत कुणाचा तरी हात कापला असता, या विचाराने झोप लागली नाही.

तर विचारायचंय की धारा झाकायच्या कशा, तेल लावून पाठवायचं का, आधी गंज काढायचा का, आणि सगळं एकाच खोक्यात बसवायचं की वेगवेगळं? ही हत्यारं परत मिळणार नाहीत, म्हणून घाई करायची नाहीये.

रंधा_नंबर_पाच

ताई, बरं झालं उचलून बघितलंत. आधी पटाश्यांचं सांगतो, कारण माणसाला इजा तिथूनच होते.

बबल रॅप म्हणजे धारेपुढे काहीच नाही, वर्तमानपत्रही नाही. धार लावलेली पटाशी पुठ्ठासुद्धा आडवा कापते, फक्त तिला मागून धक्का बसायला हवा आणि वाटेत असे धक्के शेकडो बसतात. जाड पुठ्ठ्याची पट्टी घ्या, पात्याच्या रुंदीपेक्षा दोन बोटं जास्त रुंद, ती पात्याच्या टोकावरून दुमडून दोन्ही बाजूंनी खाली आणा आणि टेपने पात्याभोवती घट्ट बांधा. टोकाला दुमड जिथे येते तिथे आत अजून पुठ्ठ्याचे दोन-तीन तुकडे ठेवा म्हणजे धार सरळ दुमडीवर टेकत नाही. टेप पुठ्ठ्यावरच चिकटली पाहिजे, स्टीलवर नको, तिचा चिकटा काढताना भावाचाच हात धारेवर जाईल. मग सहाही पटाश्या एका जाड कापडात एकेक वळकटी देत गुंडाळा, एकमेकींना लागता कामा नयेत, आणि ती वळकटी जाड प्लॅस्टिकच्या पाइपात घालून दोन्ही टोकांना झाकणं लावा. पाइप नसेल तर दोन फळ्यांच्या मध्ये बांधली तरी चालेल. मुठींकडच्या बाजूलाही भर घाला, कारण मागे सरकायला जागा असली की पटाशी तेवढाच जोर घेऊन पुढे येते.

आता लोखंडी रंधा. हा दिसतो दणकट, पण ओतीव लोखंडाचा असतो. ओतीव लोखंडात कार्बन पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो, त्यामुळे ते दाब कितीही सोसतं पण झटका बसला की वाकत नाही, सरळ तडकतं. आणि तडकतं कुठे, तर जिथून पातं बाहेर येतं त्या तोंडापाशी, कारण तिथे तळ आरपार कापलेला असतो आणि दोन्ही बाजूंच्या पातळ भिंतींवरच सगळा भार असतो. मी असा एक रंधा मागवला होता, पाठवणाऱ्याने तो एका जड शिकंजाबरोबर एकाच खोक्यात टाकला होता. खोका बाहेरून एकदम धड होता, एक कोपरासुद्धा चेपला नव्हता. आत रंध्याची डावी भिंत तोंडापासून वरपर्यंत चिरलेली. वाटेत हाताळणाऱ्यांचा त्यात काही दोष नव्हता, शेजारच्या शिकंजाने रंधा फोडला. ब्रेझिंग करून, म्हणजे पितळ वितळवून, सांधता येतं पण त्या उष्णतेने तळ वाकडा होतो, मग तो घासून सपाट करत बसा.

म्हणून माझं एकच सांगणं आहे की लोखंडाला लोखंड लागू द्यायचं नाही. रंध्याचं पातं आणि त्यावरची चिपब्रेकर पट्टी (भुसा वळवणारी) काढून वेगळी गुंडाळा, पातं दाबून धरणारी वरची टोपी काढून तिचीही वेगळी पुडी करा. मागची लाकडी मूठ एका लांब स्क्रूवर बसलेली असते, तिचं वरचं शिंगासारखं टोक हमखास मोडतं, स्क्रू सहज फिरत असेल तर मूठ काढून घ्या. घट्ट बसला असेल तर अजिबात जोर करू नका, मुठीभोवती फोम घालून तशीच राहू द्या. काढलेले सगळे स्क्रू एका छोट्या पिशवीत, आणि ती पिशवी रंध्यालाच बांधा.

लाकडी रंध्यांची पाचर सैल करून काढा. मोगरीने रंध्याच्या मागच्या टोकावर हलके ठोके दिले की पाचर सुटते. ठोकलेली पाचर तशीच ठेवून पाठवला आणि वाटेत हवा कोरडी लागली तर लाकूड आकसतं, पाचर मात्र आतून रेटत राहते आणि रंध्याचे गाल, म्हणजे बाजूच्या भिंती, फाटतात. बाबांनी पाचरीवर काही खूण केली असेल तर बघा, जुने सुतार कुठली पाचर कुठल्या रंध्याची ते समजावं म्हणून खाच मारून ठेवायचे.

खोकेवाला

मी पॅकिंगच्या कामात बरीच वर्षं आहे, खोक्याबद्दल बोलतो.

टीव्हीचा खोका बाद करा. एक तर तो पसरट आणि मोठा, त्यामुळे आत पोकळी राहणारच. दुसरं म्हणजे बऱ्याच कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त असेल त्यावर पैसे लावतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये आणि त्याला बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. तुमचा खोका समजा १२० × ७५ × १८ असेल तर ते ३२.४ किलो होतं. हत्यारं १४ किलोची आणि पैसे ३२ किलोचे.

तीन खोके करा. ४० × ३० × २० चा एक, त्यात लोखंडी रंधा, वाकस, गिरमिट. ७५ × २५ × १० चा चपटा, त्यात करवती. आणि ६५ × २५ × २० चा एक, त्यात लाकडी रंधे, पाणसळ, गुण्या. पटाश्यांची वळकटी, बिट आणि कानशी जड खोक्यात जातील तेवढ्या घाला, उरल्या तर लाकडी रंध्यांच्या खोक्यात त्यांना लागणार नाहीत अशा. आकार हिशोबासाठी सांगितलेत, तुमच्या वस्तू मोजून बघा. खोके नवे घ्या, ५ प्लायचे, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचे. एकदा वापरलेल्या खोक्याच्या घड्या मऊ पडलेल्या असतात आणि दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद खूपच कमी होते, जड वस्तूला तो धरून ठेवत नाही.

आता कागदाचे बोळे. बोळे हलक्या वस्तूला ठीक आहेत. दोन किलोचं लोखंड त्यातून वाट काढत खाली जातं, प्रत्येक धक्क्याला बोळे चेपत जातात आणि पोहोचेपर्यंत वस्तू तळाला टेकलेली असते. थर्माकोलच्या गोळ्यांचंही तेच. जड हत्यार खोक्यात ठेवायचं नाही, खोक्यात अडकवायचं. म्हणजे पुठ्ठ्याच्या किंवा पातळ प्लायच्या तुकड्यावर हत्यार ठेवायचं, दोन-तीन ठिकाणी कापडी पट्टीने किंवा सुतळीने त्या तुकड्याला घट्ट बांधायचं आणि तो तुकडा खोक्याच्या आतल्या लांबी-रुंदीला बरोबर बसेल असा कापायचा. मग हत्यार जाईल कुठे? वरच्या थराला असाच दुसरा तुकडा. सगळ्या बाजूंनी निदान ५ सेंटिमीटर जाडीची भर, दाट फोम किंवा पुठ्ठ्याच्या घट्ट गुंडाळ्या.

टेप खालच्या आणि वरच्या मधल्या जोडावर आणि दोन्ही कडांच्या जोडांवर मारायची, इंग्रजी एच आडवा पडल्यासारखी दिसते. नुसती मधली पट्टी मारली तर जड खोक्याचा तळ कडेने सुटतो.

मग चाचणी. पॅकिंगच्या जगात एक नेहमीची चाचणी आहे, साधारण १० किलोच्या आतल्या पार्सलला सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवरून १० वेळा सोडतात, एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि सहाही बाजूंवर एकेकदा. बाबांच्या हत्यारांवर ती करू नका. तेवढ्याच वजनाच्या विटा त्याच पद्धतीने भरा, त्या खोक्यावर करा, मग उघडून विटा किती सरकल्या ते बघा. खऱ्या खोक्याला फक्त दोन्ही हातांनी धरून सगळ्या बाजूंना हलवायचं, आतून हूं का चूं आवाज येता कामा नये.

करवतीचे_दात

करवतींबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

दातांना पुठ्ठ्याची दुमडलेली पट्टी पूर्ण लांबीभर, किंवा बागेत पाणी घालायचा रबरी पाइप लांबीत चिरून दातांवर चढवा, तो फार छान बसतो. पण दातांपेक्षा मला पात्याची काळजी वाटते. करवतीचं पातं वाकलं की सरळ होतं, हे खरं, पण एका मर्यादेपर्यंतच. कुणी खोक्यावर जड काही ठेवलं आणि पातं एका जागी मुडपलं तर ती घडी राहते, आणि ती काढायला ऐरणीवर हातोडीने पातं सरळ करणारा माणूस लागतो, तो आता मिळत नाही. म्हणून करवत हार्डबोर्डच्या किंवा प्लायच्या दोन तुकड्यांमध्ये सँडविचसारखी ठेवा, तुकडे पात्यापेक्षा सगळीकडून मोठे, मुठीच्या जागी कापून जागा करा. हातकरवतीच्या लाकडी मुठीला वर-खाली दोन शिंगं असतात, ती मोडतात, त्यांना फोम.

मूठ काढून वेगळी पाठवायचा मोह होईल, करू नका. जुन्या करवतींना पितळी नट असतात, लाकडाच्या पातळीत बसलेले, स्क्रूच्या दोन्ही बाजूंना खाच असलेले. ते इतके मऊ असतात की साधा स्क्रूड्रायव्हर लावला की खाच तुटते.

पाठीला पट्टी असलेली छोटी करवत पाठीवर आपटली तर पातं पट्टीत आत सरकतं किंवा तिरकं होतं, तिला पाठीकडूनही भर द्या.

कानशी प्रत्येकी वेगळ्या कागदात. पेटीत एकत्र खडखडत ठेवल्या की एकमेकींचे दात बोथट करतात, दोन्ही सारख्याच कडक ना. आणि कानस ठिसूळ असते, जोरात पडली तर काडीसारखी मोडते.

सुताराची_लेक

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खरंच आभार. पाचरीवर खाच आहे! एकीवर एक, दुसरीवर दोन. इतकी वर्षं बघत होते पण कधी विचार केला नव्हता.

गंजाचं आणि तेलाचं कुणी सांगेल का? मी विचार करत होते की लोखंडाला भरपूर मशीनचं तेल लावावं आणि लाकडी रंध्यांना जवसाचं तेल चोळावं, आणि ज्या फडक्यांनी चोळलं तीच भर म्हणून खोक्यात घालावीत, वाया कशाला घालवायची.

करवतीचे_दात

ताई थांबा, जवसाच्या तेलाची फडकी खोक्यात अजिबात नको!! जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि सुकताना उष्णता सोडतं. फडकं पसरलेलं असेल तर ती उडून जाते, पण बोळा करून कोंबलं की उष्णता आतच साठते आणि कुठलीही ठिणगी नसताना फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. सुतारांच्या वर्कशॉपला आगी लागायचं हे जुनं कारण आहे. तुमच्या खोक्यात तर भोवती पुठ्ठा आणि कागद, आणि तो खोका दुसऱ्यांच्या सामानाबरोबर गाडीत. आत्ता फडकी वापरली असतील तर बाहेर एकेक पसरून कडक वाळू द्या किंवा पाण्यात बुडवून पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा. रंध्यांना तेल भावाला तिकडे लावू दे.

रंधा_नंबर_पाच

वरच्यांशी पूर्ण सहमत. मशीनच्या तेलाबद्दल माझं मत असं की पातळ थर पुरे, ओघळणारं नको. जास्त तेल कागदातून झिरपतं, पुठ्ठा मऊ पडतो, टेप सुटते आणि डाग दिसला की पार्सल घेणारे विचारतात आत काय सांडलंय. मी मेण वापरतो, फर्निचरचं पेस्ट मेण, कापडाने पातळ लावायचं, सुकलं की पुसायचं. ते जागेवर राहतं आणि हाताला चिकटत नाही. डब्ल्यूडी-४० बरेच जण मारतात, पण ते मुळात पाणी हटवायला बनवलंय, त्याचा थर फार पातळ, चार दिवसांच्या प्रवासाला ठीक, महिनाभर गोदामात अडकलं तर भरवसा नाही.

आणि पुसल्यानंतर उघड्या हाताने स्टीलला हात लावू नका. घामातल्या मिठाने दोन-तीन दिवसांत बोटांचे ठसे गंजात उमटतात, अक्षरशः रेघा मोजता येतील असे. पातळ हातमोजे घाला.

गंज काढायचा की नाही, तर सैल लाल भुकटी कोरड्या नायलॉनच्या ब्रशने झाडा, बस. खाली जो काळपट तपकिरी थर आहे तो राहू द्या, तो काही वाढत नाही. सँडपेपर नको, पात्यावर बनवणाऱ्याचा छाप असेल तर तो कायमचा जाईल, आणि बाबांनी स्वतःचं नाव किंवा खूण कोरली असेल तर तीही.

खोकेवाला

ओलाव्याचं मी पुरं करतो. वर्तमानपत्र हवेतला ओलावा धरतं, म्हणून स्टीलला थेट चिकटून नको. व्हीसीआय कागद मिळाला तर उत्तम, त्यातून एक वाफ सुटते आणि धातूवर बसून गंज रोखते. पण तो बंद जागेतच काम करतो, म्हणजे हत्यार त्या कागदात आणि वर प्लॅस्टिकची पिशवी बंद. लोखंडासाठीचा कागद पितळेला चालेलच असं नाही, घेताना विचारा. सिलिका जेलच्या पुड्या घालणार असाल तर त्याही बंद पिशवीतच. उघड्या खोक्यात घातल्या तर त्या बाहेरच्या हवेतला ओलावा पिऊन लवकरच भरतात आणि मग असून नसल्यासारख्या.

लाकूड मात्र प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका. लाकडात स्वतःचं पाणी असतं, गरम-थंड झालं की ते आतून पिशवीला दव म्हणून धरतं. रंधे कागदात, मग कापडात. बबल रॅप पॉलिश केलेल्या लाकडाला थेट लावला तर उन्हात गोल गोल वण उठतात, मध्ये कागद हवा.

दगड वेगळ्या पिशवीत, कारण त्यात जुनं तेल मुरलेलं असतं आणि ते लाकडात उतरतं. दोन बाजूंना पातळ फळ्या, दगड आडवा आपटला की दोन तुकडे होतात.

गावाबाहेर_गेलेला

मध्येच विचारतोय, मला एक जुना लोखंडी रंधा देशाबाहेर मित्राला पाठवायचाय, मुठी गडद लाल शिसवीसारख्या दिसतात. पॅकिंग वरच्यासारखंच ना? मी लाकडी पेटी करणार होतो.

रंधा_नंबर_पाच

दोन गोष्टी आधी बघा. जुन्या चांगल्या रंध्यांच्या मुठी बऱ्याचदा ब्राझिलियन रोजवूडच्या असायच्या आणि ते लाकूड १९९२ पासून सायटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे पाठवलं तर जप्त होऊ शकतं. हस्तिदंताचे तुकडे बसवलेल्या हत्यारांचंही तसंच. लाकूड कुठलं ते खात्रीने कळत नसेल तर मुठी काढून ठेवा आणि नुसतं लोखंड पाठवा, तिकडे तो नव्या करून घेईल.

दुसरं पेटीचं. आंतरराष्ट्रीय पाठवणीत ६ मिलिमीटरपेक्षा जाड कच्च्या लाकडाचं पॅकिंग असेल तर आयएसपीएम १५ चा नियम लागतो, ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून त्यावर शिक्का मारलेला लागतो, किडे जाऊ नयेत म्हणून. प्लायवूडला तो नियम नाही. पेटी प्लायची करा.

सुताराची_लेक

चार दिवस लागले पण तिन्ही खोके तयार झाले. पटाश्या पाइपात, दोन्ही बाजूंना झाकणं. लोखंडी रंध्याची मूठ सहज निघाली. विटांचा खोका टाकून बघितला, पहिल्यांदा विटा चांगल्या चार बोटं सरकल्या, मग तळाचा तुकडा परत मापात कापला, दुसऱ्यांदा जागच्या हलल्या नाहीत. जड खोका ६.२ किलोचा झाला. वाकसाच्या धारेला बाबांच्याच जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा दुमडून बांधलाय, वर पुठ्ठा.

पाणसळ आणि गुण्या पोहोचल्यावर नीट आहेत की नाही हे भावाला कसं कळेल?

करवतीचे_दात

सोपं आहे. पाणसळ टेबलावर ठेवून बुडबुडा कुठे आहे ते बघायचं, मग जागा तीच ठेवून पाणसळ टोकाकडून टोकाकडे फिरवून परत बघायचं, दोन्ही वेळा बुडबुडा टेबलाच्या त्याच बाजूला तेवढाच असेल तर पाणसळ बरोबर, टेबल तिरकं असलं तरी. गुण्या सरळ कडेला लावून रेघ मारायची, पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ. एकावर एक पडल्या तर काटकोन खरा. हे आत्ता तुम्हीही करून ठेवा, म्हणजे आधीच फरक होता की वाटेत आला ते समजेल. सगळ्यांचे फोटोही काढा, गुंडाळायच्या आधीचे आणि गुंडाळतानाचे, विम्याचं काही करायचं झालं तर पॅकिंग नीट केलं नव्हतं असं म्हणायला जागा राहत नाही.

खोकेवाला

आणि ताई, प्रत्येक खोक्यात सगळ्यात वर एक मोठा कागद ठेवा. त्यावर पत्ता परत लिहा, बाहेरचा फाटला तर आतला उपयोगी पडतो. खाली आत काय काय आहे, कुठली धार कुठल्या बाजूला तोंड करून आहे, आणि कापायला चाकू खोल घालू नकोस, टेप वरूनच काप, असं लिहा. बाहेर झाकणावर जाड पेनाने "धारदार हत्यारं, इथूनच उघडा" आणि बाण.

सुताराची_लेक

लिहिलं. पाचरींचंही लिहिलं, एक खाच लांब रंध्याची, दोन खाचा आखूडची. उद्या सकाळी देऊन येते.